विलायतेचे दार आणि परका माणूस

इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या परदेशी माणसाला तेथील अधिकारी पहिला प्रश्न विचारतो तो असा, की तू कोण, कोठून आलास आणि कशासाठी आलास? हा प्रश्न आता इतका अंगवळणी पडला आहे की, राज्यसंस्था जितकी जुनी तितकाच तोही जुना असला पाहिजे, अशी सर्वसाधारण समजूत झाली आहे. वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. १८२६ पासून १९०५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ ऐंशी वर्षे, इंग्लंडच्या सरकारापाशी परक्या माणसाला दारातून परत पाठविण्याचा अधिकारच नव्हता. मध्यंतरी १८४८ साली दोन वर्षांच्या मुदतीने हद्दपारीचा एक कायदा झाला खरा. पण त्याखाली एकाही माणसाला बाहेर काढण्यात आले नाही. राजे आले, क्रांतिकारक आले, शिंपी आले, भणंग आले. कोणाला कोणी अडविले नाही. हे दार पुढे कसे लागले, कोणासाठी लागले आणि दारात उभ्या असलेल्या माणसावर कोणते ओझे पडले, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

परकीयांना आत घेणे किंवा बाहेर घालविणे हा प्राचीन काळी राजाच्या मर्जीचा प्रश्न असे. १२१५ सालच्या मॅग्ना कार्टा या सनदेत परदेशी व्यापाऱ्यांना सुखरूप येण्याजाण्याचे अभय दिलेले आहे. त्यानंतर पाऊणशे वर्षांनी, १२९० साली, पहिल्या एडवर्ड राजाने एका फर्मानाने सर्व ज्यू लोकांना देशाबाहेर काढले. ते पुन्हा उघडपणे राहू लागले ते १६५६ नंतर, क्रॉम्वेलच्या अमदानीत. १६८५ साली फ्रान्सच्या चौदाव्या लुईने प्रॉटेस्टंटांचे धर्मस्वातंत्र्य हिरावून घेतले, तेव्हा हजारो ह्यूगनॉ कुटुंबे खाडी ओलांडून लंडनला आली. निर्वासित या अर्थाचा ‘रेफ्यूजी’ हा शब्द इंग्रजी भाषेत रूढ झाला तो याच लोकांमुळे. परंतु या सर्व काळात येणाऱ्याची नोंद ठेवणारी कचेरी नव्हती, किंवा त्याचे कागद तपासणारा अधिकारी नव्हता.

तशी कचेरी निर्माण झाली ती फ्रेंच राज्यक्रांतीच्या धास्तीने. १७९२ च्या सप्टेंबरात पॅरिसच्या तुरुंगांत कत्तली झाल्या आणि फ्रान्समधील सरदार व धर्मोपदेशक यांचा लोंढा इंग्लंडात येऊ लागला. या दुःखी लोकांच्या घोळक्यात क्रांतीचे हेर मिसळलेले असतील, अशी शंका पिटच्या मंत्रिमंडळाला आली. परराष्ट्रमंत्री लॉर्ड ग्रेन्व्हिल याने त्या डिसेंबरात परकीयांच्या नियंत्रणाचे विधेयक आणले. २८ डिसेंबर रोजी त्यावर कॉमन्स सभेत वादविवाद चालू असता वृद्ध एडमंड बर्कने कोटातून खंजीर काढून सभागृहाच्या जमिनीवर फेकला. फ्रान्सशी मैत्री ठेवाल तर हेच पदरात पडेल, असा त्याचा इशारा होता. काही सभासद हसले; पण विधेयक १७९३ च्या जानेवारीत संमत झाले. जहाजाच्या कप्तानाने आपल्या जहाजावरील परकीयांची यादी जकात अधिकाऱ्यास द्यावी, परकीयाने आपले नाव व धंदा नोंदवावा, देशात फिरण्यास परवाना घ्यावा, आणि सरकारने जा म्हटले की त्याने जावे, अशी त्यातील कलमे होती. गृहखात्यात त्यासाठी ‘एलियन ऑफिस’ नावाची स्वतंत्र कचेरी उघडण्यात आली.

या कायद्याचा तडाखा टॅलेरांसारख्या मुत्सद्द्यालाही बसला. क्रांतीच्या भीतीने तो लंडनला येऊन राहिला होता. १७९४ च्या आरंभी त्याला देश सोडण्याचा हुकूम झाला आणि त्याला अमेरिका गाठावी लागली. हाच टॅलेरां पुढे १८३० साली फ्रान्सचा वकील म्हणून लंडनला परत आला आणि त्याचे मोठ्या सन्मानाने स्वागत झाले! एकाच माणसाला एकदा धोकादायक आणि एकदा माननीय ठरविणारी गोष्ट त्या माणसाच्या ठिकाणी नसते. ती बहुधा पाहणाऱ्याच्या मनःस्थितीत असते.

नेपोलियनची युद्धे संपली आणि भीती ओसरू लागली. १८२६ साली हद्दपारीचा अधिकार जाऊन केवळ नोंदणी उरली. १८३६ च्या कायद्याने ती आणखी सौम्य केली आणि थोड्याच वर्षांत तीही कागदावर राहिली. इंग्लंड त्या वेळी जगाचा कारखानदार व सावकार होता. मालाला जशी मोकळीक तशी माणसालाही, हे त्या काळचे अर्थशास्त्र होते. आणि छळ झालेल्याला आसरा देणे हा राष्ट्रीय अभिमानाचा विषय झाला होता. १८४८ च्या उठावांत पदच्युत झालेला फ्रान्सचा राजा लुई फिलिप इंग्लंडात आला. ऑस्ट्रियाचा सर्वाधिकारी मेटर्निख आला. आणि पुढल्याच वर्षी या दोघांच्याही व्यवस्थेचा कट्टा वैरी कार्ल मार्क्स येऊन पोहोचला. तिघांनाही त्याच देशाने आश्रय दिला.

या धोरणाची कसोटी १८५८ साली लागली. ओर्सिनी नावाच्या इटालियनाने पॅरिसमध्ये तिसऱ्या नेपोलियनवर बाँब टाकले आणि ते बाँब बर्मिंगहॅममध्ये तयार करविलेले होते, असे निष्पन्न झाले. फ्रान्सच्या रागाला उतारा म्हणून पंतप्रधान पामर्स्टनने परदेशातील खुनाचा कट हा भारी गुन्हा ठरविण्याचे विधेयक आणले. परकी बादशहाच्या दडपणाखाली इंग्लंडचा कायदा बदलावयाचा, ही कल्पनाच पार्लमेंटला असह्य झाली. पामर्स्टनचा पराभव होऊन त्याला राजीनामा द्यावा लागला. आश्रयाचा हक्क संकुचित होतो अशा नुसत्या शंकेने मंत्रिमंडळ पडावे, असा तो काळ होता.

मग अवघ्या अर्ध्या शतकात असे काय घडले की, त्याच पार्लमेंटने आपल्या हाताने दार लावून घ्यावे?

१८८१ साली रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर मारला गेला आणि त्याचे खापर ज्यूंवर फुटले. गावोगाव दंगली झाल्या, घरे लुटली गेली. १८८२ च्या नियमांनी ज्यूंना खेड्यांत वस्ती करण्याची व जमीन धारण करण्याची बंदी केली. याच सुमारास आगबोटींचे भाडे उतरले होते. लाखो ज्यू अमेरिकेच्या वाटेला लागले आणि त्यांतील हजारो वाटेत लंडनलाच राहिले. पूर्व लंडनमधील व्हाइटचॅपेल आणि स्टेपनी हे भाग त्यांनी भरून गेले. कपडे शिवणे, जोडे बांधणे, लाकडी सामान करणे हे त्यांचे धंदे. अंधाऱ्या खोल्यांत दिवसाचे चौदा-पंधरा तास काम आणि हातात तुटपुंजी मजुरी, अशी त्यांची स्थिती होती. जागा थोड्या आणि माणसे फार, म्हणून घरभाडी वाढली. रेल्वेसाठी व गुदामांसाठी जुनी घरे पाडली गेल्यानेही भाडी वाढली होती. पण रेल्वेकंपनीचा राग कोणाला येत नाही, शेजारी राहावयास आलेल्या परभाषिकाचा येतो. मजूर संघांच्या परिषदेने १८९० नंतरच्या दशकात परकीयांना बंदी करण्याचे ठराव केले. १९०१ साली ‘ब्रिटिश ब्रदर्स लीग’ या नावाची संस्था निघाली आणि तिच्या मोर्च्यांनी पूर्व लंडन दुमदुमू लागले. स्टेपनीचा सभासद मेजर इव्हान्स-गॉर्डन हा पार्लमेंटात या चळवळीचा पुढारी झाला. या गृहस्थाने आपल्या उमेदीची बरीच वर्षे हिंदुस्थानात सरकारी नोकरीत काढलेली होती, हे येथे नमूद करण्यासारखे आहे.

१९०२ साली लॉर्ड जेम्स यांच्या अध्यक्षतेखाली रॉयल कमिशन नेमले गेले. त्याचा १९०३ चा अहवाल बारकाईने वाचण्यासारखा आहे. परकीयांमुळे रोगराई फैलावते, हा आरोप कमिशनला सिद्ध झालेला दिसला नाही. ते सार्वजनिक मदतीवर फार मोठा भार टाकतात, हेही दिसले नाही. देशातील लोकसंख्येत परकीयांचे प्रमाण शेकडा एकही भरत नव्हते. खरी अडचण आढळली ती एकच: पूर्व लंडनमधील काही वस्त्यांत झालेली दाटी. तथापि कमिशनच्या बहुमताने शिफारस केली ती सबंध देशाच्या बंदरांवर नियंत्रण बसविण्याची. लॉर्ड रॉथ्सचाइल्ड आणि गृहखात्याचा अनुभवी अधिकारी सर केनेल्म डिग्बी यांनी या शिफारशीला विरोध नोंदविला. घरांच्या टंचाईवर घरे बांधणे हा उपाय आहे, ही साधी गोष्ट आरडाओरडीत मागे पडली.

१९०४ चे विधेयक विरोधामुळे मागे घ्यावे लागले. त्या विरोधकांत तरुण विन्स्टन चर्चिल आघाडीवर होता. हाच चर्चिल १९११ च्या जानेवारीत गृहमंत्री म्हणून सिडनी स्ट्रीटवरील चकमक पाहावयास स्वतः हजर राहिला आणि त्यानंतर परकीयांविरुद्ध अधिक कडक विधेयकाची तयारी करू लागला. ते विधेयक तडीस गेले नाही, ही गोष्ट वेगळी. असो. १९०५ च्या ऑगस्टमध्ये बाल्फोरच्या मंत्रिमंडळाने ‘एलियन्स अ‍ॅक्ट’ संमत करून घेतला आणि १ जानेवारी १९०६ पासून तो अमलात आला.

या कायद्यात ज्यू हा शब्द कोठेही नाही. त्यात ‘नको असलेला आगंतुक’ अशी एक जात निर्माण केली होती. जो स्वतःचे व कुटुंबाचे पोट नीट भरू शकेल असे दाखवू शकत नाही तो. जो वेडा आहे किंवा रोगामुळे समाजावर भार होईल तो. जो परदेशात राजकीय नसलेल्या गंभीर गुन्ह्याबद्दल शिक्षा भोगून आला तो. आणि ज्याला पूर्वी हद्दपार केले आहे तो, असे हे चार प्रकार होते. परंतु तपासणी सर्वांची होत नसे. ज्या जहाजावर खालच्या वर्गाचे वीसपेक्षा अधिक परकीय उतारू असतील, त्याच जहाजावर अधिकारी चढे. केबिनचे तिकीट काढून आलेल्या सद्गृहस्थाला कोणी प्रश्न विचारीत नसे. मग तो अट्टल ठक का असेना! पोट भरण्याची ऐपत मोजण्यासाठी गृहखात्याने माप ठरविले ते पाच पौंडांचे, आणि प्रत्येक आश्रितामागे आणखी दोन पौंडांचे. ज्याच्या खिशात ही रक्कम निघे तो बहुधा पार होई.

असे असले तरी त्या कायद्यात दोन मोठ्या गोष्टी होत्या. पहिली ही की, अधिकाऱ्याने नकार दिल्यास प्रत्येक बंदरावरील तीन सभासदांच्या बोर्डापुढे दाद मागता येत असे. दुसरी याहून महत्त्वाची. धर्मामुळे किंवा राजकारणामुळे छळ होतो म्हणून जो पळून आला आहे, त्याला केवळ निर्धन म्हणून परत लावू नये, असे स्पष्ट कलम त्यात होते. जुन्या आश्रयदात्या इंग्लंडचा तो शेवटचा हुंकार होता. मात्र त्या कलमात एक शब्द असा होता की, त्यातच सगळे मर्म साठलेले आहे. छळ झाल्याचे त्या आगंतुकाने सिद्ध केले पाहिजे, असे कायदा म्हणे. ज्याचे घर जळाले, जो रात्री सीमा ओलांडून निसटला, ज्याला इंग्रजीचे अक्षर येत नाही, त्याने बंदराच्या खोलीत दुभाष्याच्या तोंडून पुरावा द्यावयाचा! हा पुरावा तो आणणार कोठून? उदारमतवादी गृहमंत्री हर्बर्ट ग्लॅडस्टन याने १९०६ च्या मार्चमध्ये, शंका असेल तेथे फायदा निर्वासिताला द्यावा, अशी सूचना बोर्डांना केली. त्या पहिल्या वर्षी सुमारे पाचशे लोकांना या कलमाखाली प्रवेश मिळाला. पुढल्याच वर्षी हा आकडा पन्नासाच्या आत आला. कलम तेच होते. त्याचा अर्थ लावणारे मन आक्रसले होते.

४ ऑगस्ट १९१४ रोजी जर्मनीशी युद्ध पुकारले गेले. दुसऱ्या दिवशी परकीयांच्या निर्बंधाचे नवे विधेयक पार्लमेंटपुढे आले आणि त्याच दिवशी सर्व वाचने आटोपून त्याचा कायदा झाला. कोणास उतरू द्यावे, कोणास काढावे, कोणी कोठे राहावे, हे सर्व मंत्रिमंडळाने हुकूमाने ठरवावे, असा तो अमर्याद अधिकार होता. युद्धकाळात याला हरकत घेणारा कोण निघणार? मे १९१५ मध्ये ‘लुसिटानिया’ ही बोट जर्मनांनी बुडविल्यावर लंडन, लिव्हरपूल आदी शहरांत जर्मन नावाची दुकाने फोडली गेली. त्यानंतर शत्रुराष्ट्रांच्या पुरुषांना सरसकट छावण्यांत डांबण्यात आले. वर्षअखेरीस त्यांची संख्या सुमारे ३२,००० होती. त्यांत पंचवीस-तीस वर्षे इंग्लंडात दाढी करणारे न्हावी आणि पाव भाजणारे भट्टीवाले होते. जी इंग्रज स्त्री जर्मनाशी विवाह करून बसली होती, ती तर कायद्याने आपल्याच जन्मभूमीत परकी ठरली.

युद्ध संपले, कायदा संपला नाही. १९१९ साली तो एका वर्षापुरता वाढविण्यात आला, आणि त्याच वेळी १९०५ चा कायदा समूळ रद्द झाला. त्याबरोबर बोर्डापुढे दाद मागण्याचा मार्ग गेला आणि छळ झालेल्याला आसरा देणारे ते कलमही गेले. १९२० च्या हुकुमाने अधिकाऱ्याची परवानगी, मजूर खात्याचा कामाचा परवाना आणि पोलिसांतील नोंद यांची साखळी पूर्ण केली. एका वर्षापुरती दिलेली मुदत पुढे दरसाल वाढत गेली. युद्धाच्या घाईत एका दिवसात झालेल्या कायद्याच्या आधारावर इंग्लंडने परकीयांचा कारभार १९७१ चा नवा कायदा होईपर्यंत चालविला. संकटकाळात घेतलेला अधिकार संकटाबरोबर परत जात नाही, याचे याहून ठळक उदाहरण मिळणे कठीण.

हे सर्व निर्बंध परकीयांसाठी होते. ब्रिटिश राजाचा प्रजाजन, मग तो कोणत्याही वर्णाचा असो, कायद्याने इंग्लंडात मोकळेपणाने येऊ शकत असे. परंतु प्रजाजन कोण, हे तरी कोणी ठरवावयाचे? या प्रश्नाचा चटका कोकणातील घरांनाही बसलेला आहे. मुंबई बंदरात विलायती आगबोटींवर भरती होणाऱ्या खलाशांत रत्नागिरीच्या खाड्यांकाठचे पुष्कळ लोक असत आणि भोजनगृहाच्या चाकरीत गोव्याचे लोक असत. रत्नागिरीचा खलाशी ब्रिटिश प्रजाजन. गोव्याचा माणूस पोर्तुगालचा, म्हणजे परकीय. दोघे एकाच किनाऱ्याचे, एकाच जहाजावर राबणारे. कायद्याच्या वहीत मात्र दोन निरनिराळ्या पानांवर. आणि रत्नागिरीकराला आपल्या पानाचा भरवसा होता असेही नाही. १८२३ सालीच पार्लमेंटने ठरविले होते की, कंपनीच्या मुलखात जन्मलेला लास्कर हा प्रजाजन असला तरी ‘ब्रिटिश खलाशी’ गणला जाणार नाही.

१९१९ च्या जूनमध्ये कार्डिफ, लिव्हरपूल वगैरे बंदरांत गौरेतर खलाशांवर जमावांनी हल्ले केले. १९२५ साली जॉइन्सन-हिक्स गृहमंत्री असताना एक खास हुकूम निघाला. ज्या गौरेतर खलाशाजवळ तो ब्रिटिश प्रजाजन असल्याचा कागदोपत्री पुरावा नसेल, त्याने पोलिसांत परकीय म्हणून नोंद करावी, असा त्याचा आशय होता. खलाशी पासपोर्ट कशाला काढील? त्याच्यापाशी असे ते जहाजावरील नोकरीचे दाखल्याचे पुस्तक, आणि ते बहुधा पुरावा म्हणून मानले जात नसे. ज्यांनी महायुद्धात त्याच राजाच्या बोटी चालविल्या होत्या, त्यांच्यापैकी कित्येक जण अशा रीतीने कागदाअभावी परके झाले. गोऱ्या इंग्रज खलाशाला मात्र, तू इंग्रज आहेस हे सिद्ध कर, असे कोणी म्हणाले नाही. १९०५ साली पुराव्याचे ओझे परक्या गरिबाच्या डोक्यावर होते. वीस वर्षांत ते स्वतःच्या प्रजेच्या डोक्यावर आले.

आश्रयाचे कलम नाहीसे झाल्याचे परिणाम पुढील दशकात दिसले. हिटलरच्या राज्यातून ज्यू लोक पळू लागले, तेव्हा इंग्लंडच्या कायद्यात निर्वासित या शब्दाला जागाच उरली नव्हती. १९३८ च्या मे महिन्यात जर्मन व ऑस्ट्रियन लोकांना आगाऊ व्हिसा सक्तीचा करण्यात आला. दया दाखविली गेली, नाही असे नाही. त्या डिसेंबरापासून १९३९ च्या सप्टेंबरपर्यंत सुमारे दहा हजार मुले इंग्लंडात आणली गेली. पण ती दया सरकारच्या इच्छेवर अवलंबून होती. हक्क म्हणून मागता येईल अशी ती नव्हती. मुले आली आणि पुष्कळांचे आईबाप मागेच राहिले. त्यांतील बहुतेकांची पुन्हा भेट झाली नाही.

जे एका वर्षात गेले ते परत येण्यास किती काळ लागला, याचा हिशेब सरळ आहे. १९१९ मध्ये गेलेला दाद मागण्याचा हक्क १९६९ च्या कायद्याने परत मिळाला, म्हणजे पन्नास वर्षांनी. छळ झालेल्या माणसाच्या आश्रयाला पार्लमेंटच्या कायद्यात पुन्हा स्पष्ट स्थान मिळाले ते १९९३ साली, चौऱ्याहत्तर वर्षांनी. दरम्यान १९६२ च्या कायद्याने राष्ट्रकुलातील नागरिकांचा मुक्त प्रवेशही संपला होता आणि भारतातून जाणारा माणूस परकीयांच्याच रांगेत उभा राहू लागला होता.

प्रत्येक राष्ट्राला आपला उंबरठा राखण्याचा अधिकार आहे, हे तत्त्व मान्य करूनही या इतिहासातून एक गोष्ट उरते. कायद्याचे वजन त्यातील मोठ्या शब्दांवरून कळत नाही. पुरावा कोणी द्यावयाचा, कोणापुढे द्यावयाचा आणि नकार मिळाल्यास कोठे जावयाचे, या तीन साध्या प्रश्नांच्या उत्तरांवरून ते कळते. १९०५ च्या कायद्यात या तिन्ही प्रश्नांना उत्तरे होती. त्यांपैकी पहिले कठोर होते. १९१९ नंतर दुसऱ्या व तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर एकच झाले: जो अधिकारी समोर बसला आहे, तोच. आणि कठोर होते ते पहिले उत्तर मात्र जसेच्या तसे राहिले.